प्राध्यापक कारखान्यावर जातो तेव्हा

प्राध्यापकाने काही काळ कारखान्यात काढावा, तेथे आपली विद्या द्यावी आणि तेथील अनुभव घेऊन वर्गात परत यावे, असे सांप्रत पुष्कळ बोलले जाते. ही कल्पना परदेशातून आली असा समज आहे. सातारा-सांगलीच्या माणसांनी तरी तो बाळगण्याचे कारण नाही.

प्रथम किर्लोस्करवाडीकडे पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची निवड झाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी आले. सायकलींच्या दुकानापासून निघून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, १९१० साली त्यांनी कारखाना उभारला. शिक्षकाची विद्या कारखान्याला मिळाली खरी. पण कारखान्याने शिकवलेले घेऊन तो शिक्षक वर्गात परतला नाही. वाट एकेरीच राहिली, आणि तोटा झाला तो शाळेचा.

दुसरे उदाहरण याहून वेगळे आहे, आणि त्याचा आरंभ साताऱ्यात झाला. साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी अर्थशास्त्र ग्रंथालयात कोंडून ठेवले नाही. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची त्यांनी सहकाऱ्यासह पाहणी केली. ती १९४० साली प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याच्या दारात बसून शेताचा हिशेब मांडण्याची ही सवय पुढे मोठ्या कामास आली.

नगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढण्याच्या खटपटीत होते. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच. त्यांनी गाडगिळांना अध्यक्षपदी बसवले. १९५० साल संपता संपता कारखान्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ दहा-एक वर्षे अध्यक्ष राहिले; पण संस्थेचे संचालकपद त्यांनी सोडले नाही, ते १९६६ पर्यंत त्यांच्याकडेच होते. भागभांडवल कसे जमवावे, सरकारशी व बँकांशी कसे बोलावे, याची जाण पंडितापाशी होती. कोणता शेतकरी शब्दाला जागेल आणि कोणत्या गावात तंटा उठेल, ही जाण पाटलांपाशी होती. दोघांपैकी एकाच्याच बळावर हे धुराडे पेटले नसते.

पाहता पाहता हा वारा आपल्याकडे आला. सांगलीस वसंतदादा पाटलांनी शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा केला. कऱ्हाड तालुक्यात रेठरे बुद्रुकला कृष्णा कारखाना निघाला. आणि मग उलट दिशेनेही प्रवाह सुरू झाला. सहकारी कारखान्यांनी मिळून १९७५ साली पुण्याजवळ मांजरीस ऊस व साखरेची संशोधनसंस्था स्थापली. सांगलीच्या वसंतदादांचे नाव आज तिला आहे. एके काळी अर्थशास्त्राची संस्था साताऱ्याच्या पैशावर उभी राहिली. पुढे विज्ञानाची संस्था उसाच्या पैशावर उभी राहिली. देवघेव म्हणतात ती हीच.

या दोन उदाहरणांत फरक माणसांच्या योग्यतेचा नाही. लक्ष्मणराव गाडगिळांपेक्षा उणे नव्हते. फरक एवढाच, की एकाला जाताना मागचे दार बंद करूनच जावे लागले, दुसऱ्याचे उघडे राहिले. आपल्या सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कऱ्हाडात १९६० पासून. आसपास साखरेचे कारखाने आहेत, ओतशाळा आहेत. तेथे दोन-दोन वर्षांसाठी जाणाऱ्या अध्यापकाची जागा राखून ठेवणे, त्याची तेथली सेवा बढतीत धरणे, आणि परतल्यावर त्याने जे पाहिले ते त्याला शिकवू देणे, यासाठी नवी इमारत लागत नाही. संस्थाचालकांचा एक ठराव पुरतो. तो ठराव करा, असे आपण नागरिकांनीच त्यांना सांगावयास हवे. कारण या संस्था आपल्याच गावच्या आहेत.