गाडी कोणती आणि ओढणार कोण?

आज आपण चाकावरच्या घराचा इतिहास पाहू.

आमच्या नेरूळजवळून जाणाऱ्या शीव-पनवेल रस्त्यावर सुट्टीच्या दिवसांत कधीमधी एखादी कॅराव्हॅन दिसते. आत पलंग, शेगडी, हात धुवायला बेसिन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी धोरणही आणलं. त्यावर आमच्या बचत गटातल्या, मूळच्या बीडकडच्या एक मावशी म्हणाल्या, "यात नवल काय? आमचं घर सहा महिने गाडीवरच असायचं." मावशींचं बोलणं खरं आहे. फरक आहे तो हौसेचा आणि पोटाचा.

हौसेची गाडी आधी इंग्लंडमध्ये निघाली. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून खास फिरण्यासाठी घरगाडी बांधून घेतली. तिचं नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. त्याआधी गाडीत राहायचे ते पोटासाठी फिरणारे लोक. आपल्याकडेही घिसाडी समाज भाता, ऐरण आणि बिऱ्हाड गाडीत घालून गावोगाव विळे-कोयते घडवत फिरला. पण आपल्या राज्यात चाकावरचं सगळ्यात मोठं बिऱ्हाड आहे ते ऊसतोड कामगारांचं.

हे बिऱ्हाड निघालं कसं? १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि नगर जिल्ह्यातल्या प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते, म्हणून तो लवकरात लवकर गाळावा लागतो. त्यासाठी माणूस, कोयता आणि गाडी कारखान्याच्या आसपासच हवी. दुसरीकडे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात शेती पावसाच्या भरवशावर. १९७२ च्या दुष्काळाने तर कंबरडंच मोडलं. दिवाळीच्या सुमारास गाडी जुंपायची आणि पाडव्याच्या पुढेमागे परत यायचं, हा रिवाज पडला. पीठ, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं, सगळं त्या गाडीत.

सुरुवातीची गाडी लाकडी चाकाची होती. चाकाला आरे, वरून लोखंडी धाव, आखाला वंगण. गावचा सुतार आणि लोहार मिळून ती घडवत. गाडी मालकाचीच असे, पण जड आणि कच्च्या रस्त्यात रुतणारी. नंतर रबरी टायरची गाडी आली. लोक तिला डनलॉप गाडी किंवा नुसती टायरगाडी म्हणतात. तिच्यात माल जास्त मावतो आणि ओढायला जोर कमी लागतो. १९७० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे प्राध्यापक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीचा अभ्यास करून ती सुधारा, असा आग्रह धरला होता.

बैलाने किती ओढावं याचा कायदाही आहे. १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार मध्यम बैलाला, म्हणजे २०० ते ३५० किलो वजनाच्या बैलाला, साध्या चाकाच्या दुचाकी गाडीत ७०० किलो आणि रबरी टायरच्या गाडीत १०५० किलो भार चालतो. जोडी असेल तर त्याच्या दुप्पट. यात गाडीचं वजनही धरायचं. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त बैल जुंपायचा नाही.

आता उसाच्या फडात काय होतं ते पाहा. मजुरी टनावर मिळते, म्हणून गाडी जेवढी पेलेल तेवढी भरली जाते. गाडी सुधारली, पण बैलाचं ओझं हलकं झालं नाही. उसाची थप्पी तेवढी उंच झाली.

शिवाय टायरगाडी बऱ्याच ठिकाणी कारखान्याची असते आणि तिचं भाडं कापलं जातं. बैल आपले, पण ते बहुतेक वेळा मुकादमाच्या उचलीतून घेतलेले. म्हणजे बैल मेला किंवा लंगडला तर तोटा आपला आणि उचल डोक्यावर तशीच.

तिसरा टप्पा ट्रॅक्टरचा. मोठा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो आणि मजुरांची टोळी त्या भरते. हल्ली लहान ट्रॅक्टरला दोनचाकी गाडी जोडतात, तिला काही भागांत ‘अंगद’ म्हणतात. बैलाची वैरण सुटली, पण डिझेल आणि कर्जाचा हप्ता आला.

गाडी बदलली की बाईचा दिवसही बदलतो. टायरगाडीवर नवरा-बायको मिळून ऊस तोडतात आणि गाडी भरतात. मग नवरा कारखान्यावर रांगेत, कधी रात्ररात्र. कोपीवर बाई एकटी, लेकरं सांभाळत. ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या टोळीला ‘डोकी सेंटर’ म्हणतात, कारण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडी भरायची. ट्रक मध्यरात्री आला तरी उठायचं. बैलाच्या भाराचा नियम १९६५ पासून कागदावर आहे. बाईच्या डोक्यावरची मोळी मात्र कुणी मोजली नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो.

याची किंमत शरीराने मोजली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. जड काम, फडात ना पाणी ना संडास, आणि खाडा झाला तर पैसे कापले जाण्याची भीती, या सगळ्यातून बाई तिथवर पोचते.

मैत्रिणींनो, आपल्या गटांकडे गाडीसाठी, बैलजोडीसाठी, लहान ट्रॅक्टरसाठी कर्जाचे अर्ज येतात. हा इतिहास अशा वेळी कामाला येतो. अर्ज आला की तीन गोष्टी विचारा.

पहिली, ओढणारा आणि गाडी एकमेकांना जुळतात का? गाडीचं वजन, माल आणि वर बसणारी माणसं एकत्र धरून भार काढा. बैल लहान आणि गाडी मोठी, असा संसार चालत नाही.

दुसरी, तोल आणि सुरक्षा. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे गेला तर सगळं वजन बैलांच्या मानेवर. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाजवळ आधाराचं तिसरं चाक बसवून मानेवरचा हा भार कमी करून दाखवला. परदेशात मोटारीमागे घरगाडी जोडतानाही हाच हिशेब करतात, एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त पुढच्या जोडावर ठेवतात. ट्रॉली घेणार असाल तर जोडाची खिळ, ब्रेक आणि मागचे चमकणारे लाल पट्टे बघूनच पैसे द्या. अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मागून गाड्या आदळतात, ते आपण जाणतोच.

तिसरी, नाव कुणाचं? बैलजोडी, गाडी, विमा आणि उचलीचा कागद, सगळीकडे दोघांची नावं हवीत. बाईने स्वतःची वही ठेवावी, रोज किती टन, किती उचल, किती फिटली. लिहिता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीने लिहून द्यावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत आधी एवढंच करा. कोणाच्या घरची गाडी कोणाच्या नावावर आहे, त्याची यादी काढा. बायकांची नावं किती निघतात ते आम्हाला जरूर कळवा.