लोणारचा खार

लोणारच्या काठावर उभे राहिले की आपल्याला दोन कथा ऐकवल्या जातात. पहिली लोणासुराची. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे शिल्पांनी भरलेले मंदिर. दुसरी उल्केची. हे विवर ज्वालामुखीचे मुख असावे असे अनेकांना वाटत होते. १९७३ साली फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी आघातात तयार होणारी काच येथील बेसाल्टात दाखवली आणि तो वाद बहुतांशी मिटला. विवराचे वय किती, यावर मात्र सुमारे पन्नास हजार ते पाच लाखांहून अधिक वर्षे असे अंदाज आहेत.

पहिल्या भेटीत मी गोमुखाच्या धारेपासून खाली उतरलो आणि कमळजादेवीच्या देवळाकडे चाललो होतो. वाटेत चिखलावर पांढरी साय दिसली. बोटाने जिभेला लावली, तर चव ओळखीची: आमच्या घरी पापडाच्या पिठात पडणाऱ्या खाराची. तेव्हापासून लोणारची तिसरी कथा माझ्या मागे लागली आहे.

या खोऱ्यातून पाणी बाहेर पडत नाही. झरे आणि पाऊस खडकातले क्षार आत आणतात, ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाला सोडाखार धरे आणि गावातले मजूर तो गोळा करीत. साबण, काचेच्या बांगड्या, कापडाची रंगाई यांना तो लागे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद घेतली. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, हे तो सांगतो आणि तेथेच काच व साबणाला लागणारे पदार्थ येथे मिळतात, सरकारला महसूल मिळतो, हेही सांगतो. तीर्थ आणि उत्पन्न त्याला वेगळे दिसले नाही. पुढे इंग्रजी अमदानीत, १९१२ साली, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी सरोवराचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पण जुन्या नोंदींत मला सर्वांत बोलका वाटला तो खाराच्या प्रकारांचा उल्लेख: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ही नावे अबुल फजलाची नव्हेत, रसायनशास्त्रज्ञांचीही नव्हेत. पापडी आणि भुसकी तर ऐकताच डोळ्यांपुढे येतात. कोणता थर खडा, कोणता भुगा, कशाला भाव जास्त, हे ज्यांच्या बोटांना कळत होते त्यांचे हे शब्द. दफ्तरात मालाची प्रतवारी टिकली. ती करणारे हात नोंदीबाहेर राहिले. तरी त्यांची विद्या या चार शब्दांत शाबूत आहे.

आज लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. ते योग्यच झाले. हे पाणी पुन्हा कोणाच्या व्यापाराला देऊ नये. पण संरक्षणाबरोबर स्मरणही हवे. मंदिरांपाशी फलक आहेत, उल्केची माहिती आहे. त्यांच्या शेजारी एक फलक खाराचाही असावा. त्यावर फार लिहायला नको. हे चार शब्द पुरेत.