वरच्या सभागृहातले बारामती-इंदापूर

बारामती आणि इंदापूर या नावांचे मतदारसंघ विधानसभेत आहेत, विधान परिषदेत नाहीत. तरीही भीमा आणि नीरा या नद्यांमधल्या या दोन तालुक्यांतून परिषदेसाठी तीन वेगवेगळ्या वाटांनी मतदान होते. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य एका मतदारसंघात मत देतात, पदवीधर दुसऱ्यात आणि माध्यमिक शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक तिसऱ्यात. बारामतीच्या महाविद्यालयातला एखादा प्राध्यापक नगरसेवकही असला, तर तो तिन्हीकडे मतदार ठरू शकतो. त्याच्या शेजारी राहणाऱ्या, न शिकलेल्या शेतकऱ्याचे नाव मात्र यांपैकी एकाही यादीत येत नाही. मत गावाच्या नात्याने नव्हे, तर पदाच्या, पदवीच्या किंवा पेशाच्या नात्याने द्यायचे, ही रीत इंग्रजी अमलात सुरू झाली आणि तिचा या दोन तालुक्यांशी जवळचा संबंध आहे.

१८६१ च्या कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरासाठी कायदे करणारे कौन्सिल उभे राहिले आणि १८६२ मध्ये त्याचे कामकाज सुरू झाले. सारे सभासद सरकारने नेमलेले असत. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मुंबईतले मातबर त्यात बसले. घाटावरच्या कुणब्याचे कोणी नव्हते. त्या कुणब्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सरकारी विषय होता शेतसारा, आणि त्याची नवी मोजणी सुरू झाली होती ती इंदापूर तालुक्यातच. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इथे जमिनीची प्रतवारी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला. पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेलेल्या पद्धतीचा पाया तो हाच. मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली आणि सारा बराच चढला. त्याच सुमारास अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भाव कोसळले आणि सावकाराच्या वह्या फुगत गेल्या. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडून खतपत्रे जाळली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. भीमथडीचे कचेरीचे ठिकाण बारामतीच होते आणि आजच्या दौंडचा भागही त्याच तालुक्यात मोडत असे. दंग्यांची चौकशी झाली, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदाही झाला. ज्यांच्यासाठी तो झाला त्यांना तो करण्यात मताचा अधिकार नव्हता.

हा अधिकार आला तो वळसा घेऊन. नगरपालिका आधीच स्थापन झाल्या होत्या. बारामतीची १८६५ सालची आहे आणि इंदापूरचीही एकोणिसाव्या शतकातलीच. १८८४ च्या कायद्याने तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डांत निवडून आलेले सभासद बसू लागले. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या वाढीव सभासदांची कमाल संख्या २० वर नेली आणि त्यांतल्या काही जागांसाठी नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ आणि व्यापारी मंडळ यांना नावे सुचवण्याची मुभा दिली. कायद्यात निवडणूक हा शब्द टाळला होता, व्यवहारात निवडणूकच होत असे. मध्य विभागातल्या लोकल बोर्डांना मिळून एक जागा होती. पुणे जिल्हा या विभागात असल्याने भीमथडी आणि इंदापूरची बोर्डेही त्या जागेच्या साखळीत आली. आजच्या ‘स्थानिक प्राधिकारी संस्था’ मतदारसंघाचा पूर्वज हाच.

या जागेवर बसलेली माणसे पाहिली की तिचे मोल कळते. १८९५ मध्ये बाळ गंगाधर टिळक लोकल बोर्डांच्या मतांवर कौन्सिलात गेले. १८९७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, पण राजद्रोहाच्या खटल्यामुळे त्यांना जागा सोडावी लागली. १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले याच जागेवर आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी घाटावरचा शेतकरी मोडला होता आणि सारा थकून जमिनी सरकारजमा होत होत्या. अशा जमिनी पुन्हा लागवडीला देताना विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घ्यायचा, असे विधेयक सरकारने १९०१ मध्ये आणले. पुण्यात भरलेल्या बैठकीत फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी त्याला कडाडून विरोध केला. विधेयक जनमतासाठी पाठवण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हा दोघेही काही सहकाऱ्यांसह सभागृहातून उठून गेले. सरकारी बहुमतामुळे कायदा झालाच, पण ज्यांच्या जमिनी जात होत्या त्यांच्या बोर्डांचा सभासद सभागृहात उभा राहून बोलला होता. अप्रत्यक्ष मतदानावर नेहमी होणारी टीका खरी असली, तरी त्या मतदानातून हेही घडले, हे विसरता येत नाही.

१९०९ च्या सुधारणांनी जागा आणखी वाढल्या. १९१९ च्या कायद्याने मात्र कौन्सिलचे रूपच बदलले. लोकनियुक्त सभासद ८६ झाले, मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या गेल्या आणि ठरावीक रकमेचा शेतसारा भरणारा खातेदार थेट मतदार बनला. ज्या आकारणीने सुप्याला दंगा पेटला, तीच आता मताची कसोटी झाली. १८८० च्या दशकात आलेल्या नीरा डाव्या कालव्याखालचा बागायतदार या कसोटीला सहज उतरे. जिरायत पट्ट्यातला छोटा खातेदार बाहेर राही.

इथवर कौन्सिल म्हणजे एकुलते एक सभागृह. ते वरचे सभागृह झाले १९३५ च्या कायद्याने. १९३७ पासून मुंबई प्रांतात १७५ जणांची विधानसभा आणि २९ किंवा ३० जणांची विधान परिषद अशी दोन सभागृहे आली. परिषदेत २० जागा सर्वसाधारण, ५ मुस्लिमांच्या, १ युरोपियनांची आणि तीन-चार गव्हर्नराने भरायच्या होत्या. ती विसर्जित होत नसे. मुदत नऊ वर्षांची होती आणि दर तीन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होत. मताधिकार फारच थोड्या मालमत्तावाल्यांना होता. नव्या सभागृहांच्या पहिल्या बैठका जुलै १९३७ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये झाल्या आणि मंगलदास पक्वासा परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले.

राज्यघटनेने मालमत्तेची अट काढली, पण परिषदेसाठी थेट सार्वत्रिक मतदान आणले नाही. अनुच्छेद १७१ प्रमाणे साधारण एक तृतीयांश जागा विधानसभा सदस्यांनी, एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी, एक बारांश पदवीधरांनी आणि एक बारांश शिक्षकांनी भरायच्या, उरलेल्या राज्यपालांनी. मुदत सहा वर्षांची ठरली आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होऊ लागले. मुंबई राज्याच्या परिषदेत आधी ७२ जागा होत्या. द्विभाषिक राज्यासाठी १९५७ च्या कायद्याने त्या १०८ झाल्या. १९६० मध्ये राज्य विभागले गेले तेव्हा गुजरातने एकच सभागृह पसंत केले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ७८ जागा आल्या. विधानसभा पुढे २६४ वरून २७० आणि १९७८ मध्ये २८८ वर गेली. परिषद ७८ वरच राहिली. आज ३० जागा आमदारांच्या मतांवर, २२ स्थानिक संस्थांच्या, पदवीधर व शिक्षकांच्या प्रत्येकी ७ आणि राज्यपालनियुक्त १२ अशी वाटणी आहे.

पदवीधरांच्या सात मतदारसंघांत पुण्याचा मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर अशा पाच जिल्ह्यांचा आहे. सहा वर्षांत एकदा बारामतीचा पदवीधर चंदगडच्या आणि अक्कलकोटच्या पदवीधराबरोबर एकच आमदार निवडतो. समाजवादी विचारवंत ग. प्र. प्रधान या मतदारसंघातून १८ वर्षे सभागृहात होते आणि काही काळ विरोधी पक्षनेतेही. १९९० पासून बारा वर्षे प्रकाश जावडेकर, मग शरद पाटील, २००८ ते २०१९ चंद्रकांत पाटील आणि २०२० मध्ये अरुण लाड असे सभासद झाले. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये निघाले आणि १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान आले; तसतशी इथल्या पदवीधरांची संख्या वाढत गेली. पण नुसती पदवी पुरत नाही. ती घेऊन तीन वर्षे झालेली लागतात आणि प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने होत असल्याने दर वेळी अर्ज भरावा लागतो. शिक्षक मतदारसंघाची हद्दही हेच पाच जिल्हे. तिथे प्राथमिक शिक्षकाला मत नाही. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत तीस वर्षे शिकवलेला गुरुजी यादीबाहेर राहतो आणि हायस्कुलात तीन वर्षे काढलेला तरुण शिक्षक यादीत येतो. या भेदाला पटण्यासारखे कारण सापडत नाही.

स्थानिक संस्थांचा मतदारसंघ मात्र एकट्या पुणे जिल्ह्याचा आहे. पूर्वीच्या लोकल बोर्डाची जागा १९६२ पासून जिल्हा परिषदेने घेतली. जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, नगरसेवक आणि कटक मंडळांचे सदस्य एवढेच इथे मतदार आहेत. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना मत नाही. पुणे महापालिका १९५० ची आणि पिंपरी-चिंचवडची १९८२ ची. २०१७ च्या निवडणुकीत या दोन सभागृहांचे मिळून २९० नगरसेवक झाले, तर साऱ्या जिल्हा परिषदेचे सदस्य ७५. त्यात इंदापूरसारख्या लहान नगरपालिकेचे वीसच्या आसपास नगरसेवक कितीसे भरणार? गोखल्यांच्या काळी ग्रामीण बोर्डांची असलेली जागा अशी शहरांकडे सरकली.

बारामतीचा परिषदेशी सर्वांत ठळक संबंध या तिन्ही वाटांनी आलाच नाही, तो आमदारांच्या मतांमधून आला. मार्च १९९३ मध्ये शरद पवार दिल्लीतून मुख्यमंत्री म्हणून परतले. बारामतीची विधानसभेची जागा तेव्हा अजित पवारांकडे होती, म्हणून ते विधान परिषदेवर गेले. २०१४ मध्ये बारामती लोकसभेत सुप्रिया सुळे यांच्याकडून सुमारे ७० हजार मतांनी हरलेले महादेव जानकरही पुढच्याच वर्षी याच वाटेने परिषदेत आले आणि नंतर मंत्री झाले.

जिरायत गावांना परिषदेने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र कोणत्याच मतदारसंघाच्या हिशेबात बसत नाही. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे वि. स. पागे परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामाला आली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पुण्याच्या स्थानिक संस्था मतदारसंघात २०१६ मध्ये निवडणूक झाली आणि अनिल भोसले निवडून आले. २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली, तोवर जिल्हा परिषद, महापालिका आणि नगरपालिकांच्या मुदतीही संपून तिथे प्रशासक आले होते. किमान ७५ टक्के संस्था कार्यरत आणि तितकेच मतदार उपलब्ध असल्याशिवाय निवडणूक आयोग अशी निवडणूक घेत नाही. त्यामुळे जागा रिकामी पडली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नगरपालिकांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून २०२० मध्ये आलेल्या सभासदांची सहा वर्षे २०२६ च्या डिसेंबरात पुरी होतात.