नरिमन पॉइंटची जागा कुणी तपासली होती?

राज्य सरकार नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग १,६०१ कोटींना घेणार हे ठरलं, २०२४ मध्ये केंद्रानंही होकार दिला. चर्चा झाली ती किमतीची. जागेबद्दल फारसं कुणी बोललं नाही, म्हणून हा थोडा जुना इतिहास.

ऑफिसचा टॉवर बांधायचा तर आधी जागा तपासतात. जमीन कसली, पाणी कुठे जाणार, आणि रोज सकाळी हजारो माणसं येणार कुठून, कशी? आता नकाशा बघा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला समुद्र, पूर्वेला थोडं चाललं की बंदर. माणसं येणार ती फक्त उत्तरेकडून.

जमिनीची गोष्ट तर आणखीच मजेशीर. बॅकबेत भराव टाकायला पहिली कंपनी निघाली १८६० च्या दशकात, कापसाच्या तेजीत. १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला, कंपनीही बुडाली. मग १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तेच काम सरकारी पैशानं काढलं. बंदरातला गाळ उपसून आत टाकायचा आणि बाहेरून भिंत, अशी योजना. गाळ भिंतीतून परत समुद्रात जायला लागला! खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानं यातला गैरकारभार बाहेर काढला. हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला घातला, त्यातून ते निर्दोष सुटले. आठ ब्लॉक करायचे होते, झाले चारच. पुढे तिसऱ्या ब्लॉकवर टॉवर उभे राहिले आणि त्या जागेला नाव मिळालं याच नरिमनांचं.

पण खरी चूक भरावाची नव्हती असं मला वाटतं. टॉवर तर उभे राहिलेच ना, आणि अजून उभे आहेत. चूक झाली माणसांच्या हिशोबात.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलं होतं, की दक्षिण टोकाला आणखी ऑफिसं नकोत, खाडीपलीकडे नवं शहर करा, नोकऱ्या तिकडे न्या. सरकारनं ते मान्यही केलं. १९७० ला सिडको स्थापन झाली, कोरिया तिथले मुख्य आर्किटेक्टही झाले. आणि त्याच दशकात त्याच सरकारच्या डोळ्यांदेखत नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडिया बिल्डिंग अशा एकेक इमारती वर चढत होत्या. मंत्रालय १९५५ पासून तिथेच होतं, ते काही हललं नाही. उलट १९८१ ला नवं विधानभवनही शेजारीच झालं. मालक सरकारच जागचं हललं नाही, तर कंपन्या कशाला हलतील?

याची किंमत लोकलनं मोजली. सकाळी खचाखच भरलेल्या गाड्या दक्षिणेकडे, परत जाताना बऱ्यापैकी रिकाम्या. संध्याकाळी याच्या उलट. त्यातही रेल्वे चर्चगेटला संपते. पुढे शेअर टॅक्सीची रांग, बस, नाहीतर पंधरा-वीस मिनिटं पायपीट. जुलैमध्ये छत्री उलटी होते ती वेगळीच.

पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झालं आणि बऱ्याच बँका, कंपन्या तिकडे गेल्या. तिथे मिठी नदी आणि खारफुटीचा प्रश्न आहे, तो वेगळा लिहायचा विषय. इथे मेट्रो ३ चं विधानभवन स्टेशन सुरू झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे टॉवर आधी, आणि तिथवर पोचायची रेल्वे पन्नासएक वर्षांनी.

आता मेट्रो आली, तर घेऊ दे की सरकारनं बिल्डिंग, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण त्यात कोणती खाती जाणार, आणि त्या खात्यांत कामं घेऊन येणारी माणसं कुठल्या जिल्ह्यांतून, कुठल्या गाडीनं येतात, एवढा हिशोब तरी आधी जाहीर करा. तुमच्यापैकी कुणी विरार, कल्याणहून रोज तिथे जात असेल, तर दारापासून दारापर्यंत किती वेळ लागतो ते खाली जरूर लिहा.