घटम, गिटार आणि माहीमचा तबला

‘सुपरग्रुप’ हा शब्द इंग्रजी संगीतातला. आधीच नाव कमावलेले वादक आपापले संच सोडून एकत्र येतात आणि नवा संच उभारतात, त्याला सुपरग्रुप म्हणायचं. १९६६ साली इंग्लंडात ‘क्रीम’ निघाला, १९७० साली ‘इमर्सन, लेक अँड पामर’. या दुसऱ्या संचाचं संगीत प्रोग्रेसिव्ह रॉक या नावानं ओळखलं जातं. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायची, रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी रचना बांधायची, तिच्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतापासून जाझपर्यंत सगळं आणायचं, ही त्याची रीत. वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून हे कशाला ऐकायचं, असं कुणी विचारील. पण या रस्त्याचा एक फाटा थेट माहीमला येतो.

जॉन मॅक्लॉफ्लिन हा यॉर्कशायरमध्ये १९४२ साली जन्मलेला गिटारवादक. अमेरिकेत माइल्स डेव्हिस या जाझमधल्या बड्या उस्तादाबरोबर तो वाजवला आणि १९७१ साली त्यानं ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. ‘महाविष्णू’ हे नाव त्याला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. विजेवरची गिटार, दणदणीत ड्रम, छातीवर आदळणारा आवाज. जाझ आणि रॉक यांचा असा संगम लोकांनी तोवर ऐकला नव्हता. १९७३ संपता संपता हा मूळ संच फुटला.

त्याच काळात हा माणूस वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्यापाशी वीणा शिकत होता. जगभर नाव झालेला वादक पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या रेकॉर्डींपेक्षा मोठी वाटते. तिथेच त्याला एल. शंकर हा व्हायोलिनवादक भेटला. कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात तबला शिकवणारा झाकीर हुसेन भेटला. मद्रासहून घटमवादक विक्कू विनायकराम आले. सुरुवातीला मृदंगमवर रामनाड राघवन होते. संचाचं नाव ठेवलं ‘शक्ती’.

खरं तर तेव्हा जगात नाव होतं एकट्या मॅक्लॉफ्लिनचं. झाकीरभाई चोवीस वर्षांचे होते. बाकीच्यांची नावं पुढे जगभर झाली, म्हणून आज आपण मागे वळून ‘शक्ती’ला सुपरग्रुप म्हणतो.

पहिली रेकॉर्ड ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडच्या साउथॅम्प्टन कॉलेजात प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झाली आणि १९७६ साली बाजारात आली. तिच्यातली ‘जॉय’ ही रचना अठरा मिनिटांची, शेवटची जवळपास अर्ध्या तासाची. म्हणजे लांबी प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांना शोभेल अशी. पण वीज गेली होती. गिटार लाकडी. कालपर्यंत उभा राहून कर्णे फोडणारा माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्या गिटारीवर आडव्या जादा तारा बसवल्या होत्या, आणि वीणेसारखी मींड निघावी म्हणून पट्टी पडद्यांमध्ये खोलगट कोरून घेतली होती.

आता यातली खरी मेख सांगतो. आपल्याला वाटतं, अवघड गोष्ट इंग्रज आणि हिंदुस्थानी यांचं जमणं. तितकंच अवघड होतं उत्तरेचं आणि दक्षिणेचं जमणं. आपला तीनताल सोळा मात्रांचा, त्यांचा आदिताल आठ अक्षरांचा. आपण बोल पाठ करतो ते ‘धा धिन् धिन् धा’. ते मोजतात ‘तकिट’ म्हणजे तीन, ‘तकधिमि’ म्हणजे चार, ‘तकतकिट’ म्हणजे पाच. हे तोंडानं म्हणण्याची कला म्हणजे कोन्नकोल. हिशेब एकच, पाढे निराळे. ‘शक्ती’तल्या लोकांनी एकमेकांचे पाढे पाठ केले. घटम म्हणजे अखेर मातीचं मडकं. दक्षिणेतल्या बैठकीतही त्याची जागा मागची. इथे ते तबल्याशेजारी बसून बरोबरीनं सवालजवाब करू लागलं. कोण मुख्य आणि कोण साथीदार, हा भेदच उरला नाही.

‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ आणि ‘नॅचरल एलिमेंट्स’ अशा आणखी दोन रेकॉर्डी निघाल्या. पण ‘महाविष्णू’चा गोंगाट हवा असलेला श्रोता इकडे फारसा वळला नाही. विनायकराम घरची संगीतशाळा सांभाळायला मद्रासला परतले. १९७८ साली ‘शक्ती’ थांबली. तीन वर्षांत खेळ आटोपला.

वारसा मात्र थांबला नाही. शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू पुढे मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत तालवाद्यं वाजवू लागले. १९९७ साली ‘रिमेम्बर शक्ती’ या नावानं संच पुन्हा उभा राहिला. आरंभी हरिप्रसाद चौरसिया, मग मँडोलिनवर यू. श्रीनिवास आणि घटम-खंजिऱ्यावर विनायकरामांचे चिरंजीव सेल्वागणेश. मुंबईतल्या मैफलींची रेकॉर्ड २००१ साली आली, तिच्यात शिवकुमार शर्मा आहेत आणि चेंबूरचे शंकर महादेवनही. श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेला गळा या संचात आला, याचं मराठी माणसाला अप्रूप वाटायला हवं. २०१४ साली यू. श्रीनिवास पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. २०२३ साली, पन्नाशीच्या निमित्तानं, ‘धिस मोमेंट’ हा अल्बम आला आणि ४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याला ग्रॅमी मिळालं. त्या रात्री झाकीरभाईंना एकूण तीन ग्रॅमी मिळाली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले.

ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘फ्यूजनचा बादशहा’ म्हटलं. फ्यूजन म्हणजे वितळून एक होणं. मला हा शब्द पटत नाही. ‘शक्ती’त कुणीच वितळलं नव्हतं. घटम घटमच राहिला, तबला पंजाब घराण्याचाच राहिला. झाकीरभाई मुलाखतींतून सांगत, की लहानपणी पहाटे अब्बाजींकडे तालीम, त्यात देवतांची स्तुतीही. मग मदरसा, मग माहीमच्या सेंट मायकेल शाळेची प्रार्थना. त्या पोराला कधी वाटलं नाही, की आपण काही मिसळतो आहोत. त्याची ती रोजची सकाळ होती.

मला गेली तीस वर्षं कवितावाचनानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तुम्ही मुसलमान असून मराठीत कसं काय लिहिता?’ विचारणारा कौतुकानंच विचारतो. त्याच्या मनात असतं, की हा दोन निराळ्या गोष्टींचा मेळ घालतोय. आमच्या मराठवाड्यात खुलताबादच्या उरुसाची कव्वाली आणि पैठणच्या षष्ठीचा मृदंग एकाच जिल्ह्यात ऐकू येतात. मी दोन्हींच्या ठेक्यावर वाढलो. मी दोन भाषांत तडजोड करत नाही. माझ्या एकाच भाषेला दोन्ही ठेके येतात.

अलीकडे शेजाऱ्याचा पाढा पाठ करण्याची सवय मोडत चालली आहे. आपण शेजाऱ्याला सणाच्या शुभेच्छा देतो, पण तो कसा मोजतो हे विचारत नाही. ‘शक्ती’चा वारसा ग्रॅमीच्या बाहुलीत शोधू नका. समोरचा वाजवत असताना चौघे जण बोटांवर त्याच्या मात्रा मोजत बसले, आणि समेवर सगळे एकदम आले. एवढं कान देणं जमलं, तर सम आपल्यालाही सापडेल.