स्ट्राँगिलॉइडिस अतिसंसर्ग
'स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस' या सूत्रकृमीचा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत होणारा, अनेकदा प्राणघातक फैलाव. हा कृमी १८७६ मध्ये व्हिएतनाममधून परतलेल्या फ्रेंच सैनिकांच्या विष्ठेत प्रथम आढळला. दूषित मातीतल्या अळ्या अनवाणी पायांतून शिरतात. आतड्यातली मादी जेमतेम २ मिमी. लांब असते. याची खोड निराळी : अळ्या आतड्यातच वाढून त्याच माणसाला पुन्हा बाधतात, त्यामुळे संसर्ग अनेक दशके मुकाट टिकतो. स्टेरॉइडे सुरू होताच अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांत, कधी मेंदूतही पोचतात आणि आतड्यातले जीवाणू रक्तात नेतात. एचटीएलव्ही–१ विषाणूची बाधाही धोक्याचीच. रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढलेल्या नाहीत म्हणून कृमींची शंकाच न घेणे, ही मोठी चूक. उपचार आयव्हरमेक्टिनचा, तपासणीत अळ्या दिसेनाशा झाल्यावरही तो सहसा २ आठवडे चालू ठेवतात.