अमेरिकेच्या अर्थखात्यातील आरंभीचे अधिकारी : हिशेब, सचोटी आणि सार्वजनिक जीवन (१७८९ ते १८३५)

प्रस्तावना :

अमेरिकेच्या आरंभीच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास करताना अलेक्झांडर हॅमिल्टन आणि अल्बर्ट गॅलॅटिन या दोन अर्थमंत्र्यांच्या धोरणांवर प्रामुख्याने भर दिला जातो. राष्ट्रीय बँक, सार्वजनिक कर्ज व कररचना यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र ही धोरणे ज्यांच्या लेखणीतून प्रत्यक्षात उतरली, त्या दुय्यम अधिकाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न काहीसा मागे पडतो. प्रस्तुत लेखात विल्यम ड्युअर, ऑलिव्हर वोल्कॉट (कनिष्ठ) आणि जोसेफ नॉर्स या तीन अधिकाऱ्यांच्या कारकिर्दींच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

१७८९ चा कायदा व त्यामागील भूमिका :

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात १७८१ पासून १७८४ पर्यंत वित्तव्यवस्थेची सूत्रे रॉबर्ट मॉरिस या व्यापाऱ्याच्या हाती होती. पद सांभाळत असतानाही त्यांचा खाजगी व्यापार सुरूच राहिला व त्यावरून टीकाही झाली. हा अनुभव ताजा असतानाच २ सप्टेंबर १७८९ रोजी अर्थखात्याच्या स्थापनेचा कायदा संमत झाला.

या कायद्याने सत्ता एका हाती ठेवली नाही. लेखापरीक्षकाने हिशेब तपासावा, नियंत्रकाने त्यास अंतिम मान्यता द्यावी, अर्थमंत्र्याच्या प्रदान आदेशावर नियंत्रकाने प्रतिस्वाक्षरी करावी, निबंधकाने त्याची नोंद घ्यावी आणि मगच खजिनदाराने पैसे द्यावेत, अशी साखळी निर्माण करण्यात आली. खजिनदारास दीड लाख डॉलरांचे हमीपत्र द्यावे लागे. खात्यातील अधिकाऱ्यांना व्यापार, जहाजांची मालकी, सरकारी जमिनीची खरेदी आणि सरकारी रोख्यांचे व्यवहार करण्यास मनाई होती. नियमभंग करणाऱ्यास ३,००० डॉलर दंड आणि पदच्युती ही शिक्षा होती. अधिकारी कितीही प्रतिष्ठित असला तरी केवळ त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, ही या कायद्यामागील भूमिका होती.

ड्युअर आणि वोल्कॉट :

या भूमिकेची पहिली कसोटी हॅमिल्टन यांच्या निकटच्या सहकाऱ्याच्याच बाबतीत लागली. अर्थमंत्र्यांचे पहिले सहायक विल्यम ड्युअर यांनी १७९० मध्ये पद सोडले. तत्पूर्वी ते जुन्या वित्तमंडळाचे सचिव होते. पद सोडल्यानंतर त्यांनी बँकेचे समभाग व सरकारी रोखे यांत मोठ्या प्रमाणावर सट्टा केला. मार्च १७९२ मध्ये त्यांचा डोलारा कोसळला व न्यूयॉर्कच्या बाजारात घबराट पसरली.

याच सुमारास नियंत्रक वोल्कॉट यांनी एक निर्णायक पाऊल उचलले. वित्तमंडळाच्या काळातील दोन लाख डॉलरांहून अधिक रकमेचा हिशेब ड्युअर यांच्याकडून येणे होता. तो त्यांनी द्यावा, अन्यथा त्यांच्यावर दावा दाखल करावा, अशी सूचना वोल्कॉट यांनी न्यूयॉर्कमधील सरकारी वकिलास दिली. हॅमिल्टन यांनी मित्रासाठी ही कारवाई थांबवली नाही. ड्युअर कर्जदारांच्या तुरुंगात गेले. १७९९ मध्ये त्यांचे निधन झाले. कागदावरील प्रतिबंधक तरतुदी सट्ट्याचा मोह रोखू शकल्या नाहीत. पण थकलेला हिशेब विसरलाही गेला नाही.

वोल्कॉट यांची वाटचाल पायरीपायरीने झाली. १७८९ मध्ये लेखापरीक्षक, १७९१ मध्ये नियंत्रक आणि १७९५ मध्ये हॅमिल्टन यांच्यानंतर अर्थमंत्री, अशी बढती त्यांना मिळाली. परंतु हिशेब मागणाऱ्यालाही संशयापासून मुक्ती नव्हती. १८०० च्या अखेरीस त्यांनी पद सोडले आणि जानेवारी १८०१ मध्ये अर्थखात्याच्या कार्यालयास आग लागली. पुरावे नष्ट करण्यासाठीच ती लावली गेली, असा आरोप विरोधी वृत्तपत्रांनी केला. तो सिद्ध झाला नाही. पुढे १८१७ ते १८२७ या काळात वोल्कॉट कनेक्टिकटचे राज्यपाल होते.

जोसेफ नॉर्स यांचे प्रकरण :

या तिघांमध्ये सर्वांत कमी प्रसिद्ध, पण सर्वाधिक उद्बोधक कारकीर्द जोसेफ नॉर्स यांची आहे. १७५४ मध्ये लंडन येथे जन्मलेले नॉर्स १७८१ मध्ये निबंधक झाले. राज्यघटना नंतर आली, अर्थखाते नंतर स्थापन झाले. निबंधक मात्र तेच राहिले. राजधानी न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियास व तेथून वॉशिंग्टनला गेली, तेव्हा दफ्तराबरोबर तेही गेले. १८०१ मध्ये सत्तांतर झाले व गॅलॅटिन अर्थमंत्री झाले, तरीही नॉर्स यांचे पद कायम राहिले. पहिल्या सहा राष्ट्राध्यक्षांच्या काळात त्यांनी सेवा केली.

१८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. एकाच व्यक्तीने दीर्घकाळ पद अडवू नये, हे त्यांचे धोरण होते. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या नॉर्स यांना पदावरून दूर करण्यात आले. एवढ्यावर प्रकरण थांबले नाही. शासनाने त्यांच्या नावे अकरा हजार डॉलरांहून अधिक येणे दाखवले आणि १८२० च्या कायद्यानुसार जप्तीचा आदेश काढला. अठ्ठेचाळीस वर्षे सरकारी नोंदी सांभाळणारा अधिकारी स्वतःच थकबाकीदार ठरला.

नॉर्स यांनी त्याच कायद्यातील तरतुदीनुसार न्यायालयात दाद मागितली. निबंधकपदाच्या कामाव्यतिरिक्त विविध सरकारी खर्चांचे व्यवहार त्यांच्यावर सोपवले गेले होते व त्याचा मोबदला त्यांना मिळाला नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने नेमलेल्या तपासनिसांनी हा मोबदला हिशेबात धरला, तेव्हा तो कथित थकबाकीहून अधिक भरला. जप्तीस मनाई झाली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर शासनाचे अपील फेटाळले. शासनाने पुन्हा दावा केला, तेव्हा हा वाद पूर्वीच्या निर्णयाने मिटला असल्याचे त्याच न्यायालयाने १८३५ मध्ये स्पष्ट केले. १८४१ मध्ये नॉर्स यांचे निधन झाले.

निष्कर्ष :

१) अमेरिकेच्या अर्थखात्याची विश्वासार्हता केवळ थोर मंत्र्यांच्या प्रतिभेवर उभी नव्हती, परस्परांवर नियंत्रण ठेवणाऱ्या पदांच्या साखळीचा तिच्यात मोलाचा वाटा होता.

२) कायद्याने अधिकाऱ्याकडे संशयाने पाहिले. ड्युअर यांच्या बाबतीत तो संशय सार्थ ठरला, तर नॉर्स यांच्या बाबतीत अन्यायकारक.

३) ड्युअर यांच्याकडे बोट दाखवणारा हिशेब आणि नॉर्स यांना निर्दोष ठरवणारा हिशेब एकाच पद्धतीचा होता. मात्र दोषी शोधण्यास शासन स्वतः पुढे आले; निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी एका वृद्ध अधिकाऱ्याला शासनाविरुद्धच लढावे लागले. हिशेब मागण्याचा अधिकार जितका महत्त्वाचा, तितकाच शासनाचा हिशेब स्वतंत्र न्यायासनासमोर तपासून घेण्याचा अधिकारही महत्त्वाचा आहे, हेच या कारकिर्दींवरून स्पष्ट होते.